एमी वाइनहाउस: आधी 'फ्रँक' घ्यावा की 'बॅक टू ब्लॅक'?

लंडनच्या या गायिकेनं हयातीत दोनच स्टुडिओ अल्बम काढले: २००३ चा 'फ्रँक' आणि २००६ चा 'बॅक टू ब्लॅक'. जुलै २०११ मध्ये, २७ व्या वर्षी ती गेली. त्यामुळे निवड सोपी वाटते, आणि विचारलं तर दहातले नऊ जण डोळे झाकून 'बॅक टू ब्लॅक'चं नाव घेतील. माझंही मत तेच, पण एका अटीवर: तुम्ही गाण्यासाठी ऐकता की गळ्यासाठी, हे आधी ठरवा.

'फ्रँक' आला तेव्हा एमी २० वर्षांची होती. निर्माता सलाम रेमीनं हिप-हॉपचा ठेका दिलाय, त्यावर जॅझच्या वळणाची गिटार, आणि बाई आपल्या मर्जीनं लयीच्या मागे रेंगाळत गातात. शब्दांची फेक तर अशी, की समोर बसून कुणाला तरी सुनावतेय. 'स्ट्रॉन्गर दॅन मी'मध्ये सात वर्षांनी मोठ्या प्रियकराला ती 'जरा खंबीर हो' म्हणून झापते. त्या गाण्याला आयव्हर नोव्हेलो हा गीतलेखनाचा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. 'मूडीज मूड फॉर लव्ह' ही मुळात सॅक्सोफोनवर वाजवलेली सुरावट, तिच्यावर नंतर शब्द बसवलेले. ती गाताना एमी ज्या जागा घेते, त्या ऐकून हिनं जॅझ किती मुरवलं होतं ते कळतं. अडचण एकच: अल्बम जवळपास तासाभराचा आहे आणि मधे रेंगाळतो. खुद्द एमीही त्यावर पूर्ण खूश नव्हती, आणि तिनं ते लपवलं नाही.

'बॅक टू ब्लॅक'मध्ये पाल्हाळ नाही. ११ गाणी, ३५ मिनिटांच्या आसपास. इथे रेमीच्या जोडीला निर्माता म्हणून मार्क रॉन्सन आला. त्यानं ब्रुकलिनच्या डॅप-किंग्ज या बँडचे वादक घेतले, आणि साठच्या दशकातल्या मुलींच्या गायनचमूंचा आणि मोटाउन या डेट्रॉइटच्या सोल रेकॉर्ड कंपनीचा बाज उभा केला. 'टिअर्स ड्राय ऑन देअर ओन'च्या खाली तर मार्विन गे आणि टॅमी टेरेल यांच्या १९६७ च्या 'एन्ट नो माउंटन हाय इनफ'चाच साचा आहे. मूळ गाणं उमेदीचं, हे हरल्याचं. या अल्बमनं २००८ मध्ये तिला पाच ग्रॅमी मिळवून दिले. त्या रात्री ती लंडनहून उपग्रहाद्वारे गायली. हरकती मात्र इथे कमी आहेत. चाल घट्ट बांधलेली, त्यामुळे गळ्याला भटकायला वाव नाही. माझ्या मते हाच त्याचा मोठेपणा: 'लव्ह इज अ लूझिंग गेम'मध्ये ती जवळजवळ काहीच करत नाही, आणि तेवढं पुरतं.

तेव्हा पॉप-सोल नवीन असेल, किंवा एकच एलपी परवडत असेल, तर 'बॅक टू ब्लॅक'. जॅझ ऐकायची सवय असेल, आवाजाचे खेळ आवडत असतील, तर सरळ 'फ्रँक'पासून सुरुवात करा. लोक काय म्हणतात ते सोडा.

मृत्यूनंतर, डिसेंबर २०११ मध्ये आलेला 'लायनेस' हा उरल्यासुरल्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह. तो विकत घ्यायची घाई नको. त्यातलं अमेरिकी जॅझ गायक टोनी बेनेटसोबतचं 'बॉडी अँड सोल' तेवढं ऑनलाइन ऐकून घ्या.