‘द स्नोमॅन’ : पेन्सिलीचा कण हलतो तेव्हा

बडोद्याच्या दांडिया बाजारात मी लहान मुलांचा चित्रकलेचा क्लास घेते. पालकांची ठरलेली तक्रार : “मॅडम, रंग भरताना मधे मधे पांढरं राहतंय.” राहू दे ना! कागदाचा तो पांढरा कण दिसतो, म्हणून तर रंगीत पेन्सिलीचं काम जिवंत वाटतं. हे तोंडाने सांगून पटत नाही, म्हणून यंदा नाताळच्या सुट्टीत क्लासच्या भिंतीवर ‘द स्नोमॅन’ ही ॲनिमेशन फिल्म दाखवली. पालकांनाही बसवून घेतलं.

रेमंड ब्रिग्ज या ब्रिटिश चित्रकार-लेखकाचं मूळ पुस्तक 1978 चं. रंगीत पेन्सिलीने काढलेल्या लहान लहान चौकटी आणि शब्द एकही नाही. इथे फाइन आर्ट्सला असताना ते पहिल्यांदा हातात आलं होतं. पुस्तक आल्यावर चार वर्षांनी, 1982 च्या नाताळात, नव्यानेच सुरू झालेल्या ब्रिटनच्या चॅनल 4 वर त्याची ही फिल्म आली. दिग्दर्शन डायान जॅक्सनचं, संगीत हॉवर्ड ब्लेकचं, लांबी जेमतेम 26 मिनिटं. गोष्ट एवढीशीच : मुलगा बर्फाचा माणूस करतो, रात्री तो जिवंत होतो, दोघं घरभर धुडगूस घालतात आणि मग उडतात.

आता चित्रांबद्दल, कारण माझा जीव तिथे आहे. त्या काळच्या कार्टूनमध्ये शाईची रेघ आणि आत सपाट रंग असायचा. इथे पारदर्शक शीटला खरबरीतपणा देऊन त्यावर खडू आणि पेन्सिलीने रंग भरलाय. प्रत्येक चित्र हाताने पुन्हा रंगवायचं, त्यामुळे आधीच्या चित्रातला कण पुढच्यात तिथेच कसा येणार? पात्र नुसतं उभं असलं तरी त्याच्या अंगावरचा रंग थरथरत राहतो. कोणी याला दोष म्हणेल. मला विचाराल तर अख्ख्या फिल्मचा श्वास त्या थरथरीत आहे. आणि उडताना नुसती पात्रं सरकत नाहीत, खालची टेकडी, झाडं, घरं, सगळं वळतं. म्हणजे पार्श्वभूमीसुद्धा दर वेळी नव्याने काढलेली. कॉम्प्युटरशिवाय! हे काम हाताने करून पाहिलेल्या माणसाला तिथे हात जोडावेसे वाटतात.

संवाद नाहीत, त्यामुळे डबिंगची भानगड नाही. आमच्या वर्गात घरी मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत इंग्रजी असा कारभार. इथे तिन्हीची गरज पडली नाही. बोलण्याचं काम वाद्यवृंद करतो. स्नोमॅन दबकत चालला की वाद्यंही दबकतात, मोटरसायकलवर बसला की सगळी उधळतात. गाणं एकच, ‘वॉकिंग इन द एअर’, आणि तेही उडताना. आनंदाच्या प्रसंगाला ब्लेकने कोमल गंधाराची, उदास सुरावट दिलीय. पुढे काय होणार ते ती आधीच सांगून टाकते. आवाज पीटर ऑटी या सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या गायक मुलाचा. मूळ श्रेयनामावलीत बिचाऱ्याचं नावच नव्हतं, आणि 1985 मध्ये हेच गाणं गाजवलं ॲलेड जोन्स या दुसऱ्या गायक मुलाने, म्हणून पुष्कळांना फिल्ममधला आवाजही त्याचाच वाटतो.

उडण्याच्या भागात पोरं जागेवर बसेनात. “टीचर, उत्तरायणात असे आले तर गळ्याला मांजा लागेल!” इति एक सात वर्षांचा. उत्तरायण म्हणजे इथली पतंगांची संक्रांत; अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, वाढलेल्या मुलाला दुसरं काय सुचणार.

तक्रार आहे, आणि ती मोठी आहे. पुस्तकात दोघं इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या समुद्रापर्यंत जातात, धक्क्यावर उभे राहतात आणि परततात. नाताळबाबा पुस्तकात कुठेच नाही. फिल्मने त्यांना उत्तर ध्रुवावर नेलं, तिथे पार्टी, नाच, नाताळबाबाकडून निळा मफलर. हा नाच मला लांबलेला वाटतो. बाकी वेळी मोजूनमापून चालणारी फिल्म इथे पाहुण्यांना आग्रह करत बसते. पण मुलांना विचारलं तर तोच भाग आवडलेला, तेव्हा माझं मत किती धरायचं ते तुम्ही ठरवा.

शेवट सांगते, चालत नसेल तर हा परिच्छेद सोडा. सकाळी स्नोमॅन वितळलेला असतो. उरते टोपी, कोळसे, नाकाचं संत्रं. पुस्तक तिथेच संपतं. फिल्ममध्ये मुलाच्या खिशात तो मफलर सापडतो, म्हणजे रात्र खरी होती. मला पुस्तकाचा कोरडेपणा जास्त आवडतो, पण ती उदास धून पुन्हा सुरू होते तेव्हा मफलरसुद्धा सांत्वन करत नाही, हे ब्लेकचं श्रेय. एक-दोन मुलं रडली. रडू दिलं.

पाहणार असाल तर आवृत्ती बघून घ्या. एकीत सुरुवातीला ब्रिग्ज स्वतः शेतातून चालत येतो आणि दोन वाक्यं बोलतो. दुसरीत गायक डेव्हिड बोवी मोठा झालेला तो मुलगा म्हणून माळ्यावर येतो आणि खणातून चक्क तो मफलरच काढून दाखवतो. शेवटाला जे कळायचं ते पहिल्याच मिनिटात! ब्रिग्जवालीच लावा, आणि मोबाइलच्या स्पीकरवर तर अजिबात नको.