स्किट की गाणं? गॅदरिंगच्या पोरांना जास्त कोण शिकवतं
लातूरजवळच्या एका गावात मी शाळेच्या गॅदरिंगसाठी नाटुकली बसवतो. पोरांपुढं दोन गुरू असतात: टीव्हीवरची ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ आणि मोबाइलमधली ‘सैराट’ची गाणी.

२०१८ पासून चालू असलेल्या हास्यजत्रेतून शिस्त शिकता येते. स्किट छोटं असतं, म्हणून पहिल्या मिनिटातच पात्र कळावं लागतं. समोरचा बोलत असताना आपला चेहरा काय करतो, हे पोरांना मी तिथंच थांबवून दाखवतो. आणि एखादं स्किट पडलं तरी कलाकार पुढच्या भागात नव्या वेशात उभा राहतो. हे बघणं पोरांना फार गरजेचं आहे.

पण खरं सांगू, माझं माप गाण्याकडं झुकतं. २०१६ साली आलेल्या ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी थेट लॉस एंजेलिसला सिंफनी वाद्यवृंद रेकॉर्ड केला, पण शब्द मात्र गावाकडचेच ठेवले. व्हायोलिनच्या ताफ्यापुढंही बोली दबली नाही. टीव्हीची नक्कल करताना आमची पोरं पुणेरी बोलू लागतात. गाणं त्यांना घरच्या भाषेत परत आणतं.

गेल्या वर्षी सातवीतला एक जण पाठ केलेलं वाक्य विसरला. क्षणभर थांबला, टोपी मागं सारली आणि म्हणाला, “आबा, सोयाबीन भिजायलंय, अन् तुमी बसून काय करायलाव?” मागच्या रांगेतल्या बायाही खळखळून हसल्या. ते वाक्य यंदाच्या संहितेत मी जसंच्या तसं लिहून घेतलंय.