चारशे ऐंशी फॉर्म

घरबसल्या टायपिंगचं काम देणाऱ्यांनी सुरुवातीला एक रुपयाही मागितला नाही. मी फसलो तो तिथेच. "कामाआधी पैसे मागतात ते चोर" एवढं एकच मला ठाऊक होतं, आणि तेवढ्यावर मी निर्धास्त होतो.

मी एसी मेकॅनिक. बावीस वर्षं मुंबईत आउटडोअर युनिटं टांगली. मागच्या मे महिन्यात मुलुंडला दुसऱ्या मजल्याच्या छज्ज्यावरून पडलो. सेफ्टी बेल्ट होता, पण तो टेम्पोत होता. उजव्या टाचेचं हाड चेचलं, कमरेचा एक मणका दबला. सहा महिने घरात. मग डॉक्टर म्हणाले, शिडी बंद, वजन बंद, अर्ध्या तासाच्या वर उभं राहणं बंद. एसीच्या धंद्यातून हे तीन काढले की उरतं फक्त बिल फाडणं. ठेकेदाराने ऑपरेशनला ४० हजार दिले आणि त्यानंतर माझा फोन उचलणं सोडलं. तो विषय वेगळा, इथे नको.

भांडुपला टेकडीवर आमची खोली. बायको डबे करते. ती पहाटे पाचला पोळ्या लाटायला बसायची आणि मी पलंगावरून बघत राहायचो. वॉचमनची नोकरी विचारली, तर बारा तास उभं राहायचं. दुकानात विचारलं, तर माल वर-खाली करावा लागेल म्हणाले. सगळीकडे बसून करायचं काम मागत होतो, आणि घरी बसून खात होतो.

अशात व्हॉट्सॲपवर मेसेज आला. घरबसल्या टायपिंग, अपंगांना प्राधान्य. फोन केला तर पोरगी स्वच्छ मराठीत बोलली. "दादा, पायाला लागलंय ना, मग हे काम तुमच्यासाठीच आहे." पायाचं मीच तिला आधी सांगितलं होतं, हे फोन ठेवल्यावर विसरलो. एका फॉर्मचे ४० रुपये, आठ दिवसांत ४८० फॉर्म, म्हणजे १९,२०० रुपये. अट एकच, ९० टक्के ॲक्युरसी. आधार कार्डाचा फोटो घेतला, कोऱ्या कागदावरची सही घेतली, एक ओटीपी घेतला. करार म्हणून बारा पानांची पीडीएफ आली. मी पहिलं पान वाचलं.

काम मात्र खरं होतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण लोकांना वाटतं की अशा ठिकाणी काम नसतंच. डाव्या बाजूला धुरकट फोटो, त्यात कुठल्यातरी परदेशी माणसाचं नाव, पत्ता, ईमेल, वीस-बावीस रकाने. उजवीकडे ते बघून टाइप करायचं. शून्य की ओ, एक की एल, काही कळायचं नाही. दोन बोटांनी टाइप करणारा मी. कमरेला पट्टा बांधून, उशी लावून, रात्री दोनपर्यंत बसायचो. बारावीतली मुलगी कॉलेजवरून आली की तासभर हात द्यायची. आठव्या दिवशी संध्याकाळी ४८० पुरे झाले. पडल्यापासून पहिल्यांदा त्या रात्री मला नीट झोप लागली.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. ४८० पैकी ३७९ बरोबर, म्हणजे ७९ टक्क्यांच्या आत. ९० टक्क्यांना ४३२ लागत होते.

आणि इथे माझ्या डोक्यात काय आलं? त्यांनी फसवलं, असं मुळीच आलं नाही. आलं ते हे की आपल्याला हेही जमलं नाही. जो माणूस महिनोन्महिने "आता आपला काही उपयोग नाही" हे ऐकत बसलाय, तेही स्वतःच्याच तोंडून, त्याला नापास केलं तर तो पेपर परत तपासायला मागत नाही. या लोकांचा सगळा धंदा यावर चालतो.

करारात सातव्या पानावर होतं म्हणे, काम नापास झालं तर पोर्टलचा खर्च टायपिंग करणाऱ्याने द्यायचा. ५,००० आणि वर १८ टक्के जीएसटी, ५,९००. चोर कशाला जीएसटी लावेल, असं वाटलं. भरले. चार दिवसांनी करार बंद करायच्या एनओसीचे ७,०८०. तेही भरले, बायकोच्या भिशीतले. तिला औषधांचं सांगितलं.

मग वकिलाची नोटीस आली, तीही व्हॉट्सॲपवर. वर तराजूचं चित्र, खाली शिक्का, मध्ये माझा आधारचा फोटो. मागोमाग फोन. "मैं कोर्ट से बोल रहा हूँ, वॉरंट निकल रहा है, शाम तक सेटलमेंट करो." रक्कम १४,१६०. हाही हिशेब जीएसटीसकट चोख.

त्या दिवशी मी खालच्या खोलीतल्या आबांकडे गेलो ते उसने पैसे मागायला. आबा धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयातून बेलिफ म्हणून रिटायर झालेले. त्यांनी चष्मा लावून फोन लांब धरला, पान खाली सरकवलं, वर सरकवलं.

"तीस वर्षं समन्स वाटली मी. पावसात वाटली. लोकांच्या शिव्या खाऊन वाटली. कोर्ट फोन करून सेटलमेंट मागत नसतं रे."

मग त्यांनी करार उघडायला लावला. तारीख २०२५ ची, वर छापलेला मुद्रांक महाराष्ट्राचा आणि १०० रुपयांचा. ऑक्टोबर २०२४ पासून आपल्याकडे अशा करारनाम्याला ५०० चा मुद्रांक लागतो. शिवाय, आबा म्हणाले, करार खरा असता तरी काम नीट झालं नाही म्हणून पोलीस उचलत नाहीत, तो दिवाणी मामला. दंडाचा आकडा करारात लिहिला म्हणून कोर्ट तो जसाच्या तसा देतही नाही. १८७२ च्या करार कायद्याचं ७४ वं कलम त्यासाठीच आहे. हे कलम त्यांना तोंडपाठ होतं. मला एसीचे एरर कोड असतात तसं.

रात्री मुलीने वेगळंच शोधून काढलं. तिला अडलेल्या अक्षरांचे ती मोबाईलवर फोटो काढून ठेवायची. ६१ नंबरचा फॉर्म आणि ३४४ नंबरचा फॉर्म एकच होता. तोच माणूस, तोच पत्ता, फोटोवरचा डागसुद्धा तोच. आम्ही दोन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखंच टाइप केलेलं. रिपोर्टमध्ये ६१ बरोबर आणि ३४४ चूक! एकाच पाइपला दोन गेज लावले आणि दोन वेगळी प्रेशर दिसली, तर मेकॅनिक काय म्हणेल? गेज खोटा. मी मात्र पंधरा दिवस पाइपलाच दोष देत होतो.

दुसऱ्या दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरवर फोन केला आणि सरकारच्या सायबर पोर्टलवर तक्रार टाकली. पहिले पैसे जाऊन अकरा दिवस झाले होते. त्याच दिवशी कळवलं असतं तर रक्कम मधल्या खात्यात अडवता आली असती, असं ऐकायला मिळालं. आता पुढच्या खात्यांतून ती कुठल्या कुठे गेली. तक्रारीचा नंबर आहे, पैसे अजून नाहीत. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून घेतलं. नोटिशीला उत्तर दिलं नाही, नंबर ब्लॉक केले. तीन आठवडे वेगवेगळ्या नंबरांवरून फोन येत राहिले, मग बंद. घरी कोणी आलं नाही. पण ब्लॉक करण्याआधी चॅट, नोटीस, पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट सगळं जपून ठेवा, तक्रारीला तेच लागतं. आणि तुमच्या वाडीत आबा नसतील तर १५१०० हा विधी सेवेचा नंबर आहे. अपंगांना आणि स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

कामाचं म्हणाल तर चुनाभट्टीला एटीआय या सरकारी प्रशिक्षण संस्थेच्या आवारात अपंगांसाठी केंद्र सरकारचं करिअर सेवा केंद्र आहे. तिथे नाव नोंदवलंय, एक पैसा लागला नाही. अपंगत्वाचे टक्के अजून ठरायचेत, ४० च्या खाली आले तर सरकारी कोटा वगैरे विसरायचं. तोवर कुर्ल्याला जुन्या जोडीदाराच्या गाळ्यात इन्व्हर्टर एसीची पीसीबी, म्हणजे आतली सर्किटची कार्डं दुरुस्त करतो. उंच स्टूल, टेबलावर सोल्डरिंग गन, मल्टिमीटर. दर कार्डामागे पैसे. दिवसाला दोन होतात, कधी एकही नाही.

भिशीचं बायकोला सांगायला मला महिना लागला. तिने पोळी उलटवली, मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पण फॉर्म नीट भरले होते ना तुम्ही?"

"भरले होते," मी म्हणालो.