जुना हिशेबाचा प्रोग्रॅम, नवं मशिन: तीन एम्युलेटरांची परीक्षा

इंदूरच्या सियागंजात आणि कापड बाजारात अजूनही अशा पेढ्या आहेत, जिथे आजची बिलं जीएसटीच्या सॉफ्टवेअरवर निघतात, पण २०१७च्या आधीचं खातं बघायचं तर फॉक्सप्रो किंवा क्लिपर या जुन्या डेटाबेस-भाषांतला डॉसचा प्रोग्रॅमच उघडावा लागतो. तो ज्या मशिनवर आहे ते एक दिवस बसणारच. सिल्व्हर मॉलमधून दुसरं आणावं, तर त्यावर ६४ बिटांचं विंडोज. त्यात सोळा बिटी प्रोग्रॅम चालवणारा एनटीव्हीडीएम हा भागच नाही. मग उरतात एम्युलेटर, म्हणजे नव्या मशिनच्या आत जुनं मशिन उभं करणारे प्रोग्रॅम. असे तीन पर्याय, तिन्ही फुकट: डॉसबॉक्स-एक्स, ८६बॉक्स आणि व्हर्च्युअलबॉक्स. प्रोग्रॅम तिन्हींत सुरू करता येतो. योग्य वेगाने चालवणं ही वेगळी गोष्ट, आणि त्यातच तिघांचा खरा फरक कळतो.

आधी बिघाड काय होतो ते बघू, कारण त्यावरूनच निवड ठरते. टर्बो पास्कल या जुन्या भाषेत बांधलेला प्रोग्रॅम नव्या मशिनवर पुष्कळदा सुरू होताक्षणी ‘रनटाइम एरर २००’ दाखवून बंद पडतो. २०० म्हणजे शून्याने भागाकार. प्रत्यक्षात शून्य कुठेच नसतं. प्रोग्रॅमला ठरावीक वेळ थांबायला शिकायचं असतं, म्हणून सुरुवातीलाच तो घड्याळाच्या एका टिकेत, म्हणजे ५५ मिलिसेकंदांत, एक रिकामी फेरी किती वेळा होते ते मोजतो आणि त्या आकड्याला ५५ने भागतो. उत्तर १६ बिटांत, म्हणजे ६५५३५ च्या आत मावायला हवं. एका टिकेत साधारण ३६ लाखांवर फेऱ्या झाल्या की ते मावत नाही, आणि प्रोसेसर त्यालाही शून्याने भागल्याचाच इशारा देतो. १९९२ साली इतकं वेगवान मशिन कुणाच्या टेबलावर नव्हतं. फॉक्सप्रो २.६ आणि क्लिपरच्या काही प्रोग्रॅमांत निघणारी ‘डिव्हाइड’ची तक्रारही याच जातीची. कुणी यावर मेमरी वाढवायला सांगितली, तर त्याचा काही उपयोग नाही.

म्हणून प्रश्न मशिन हळू करण्याचा नाही, एका टिकेत किती काम होतं ते आवरण्याचा आहे. व्हर्च्युअलबॉक्स नेमकं इथे मार खातं. त्याच्या सेटिंगमध्ये प्रोसेसरला ‘एक्झिक्युशन कॅप’ आहे. ती ५० टक्क्यांवर ठेवली की वेग निम्मा होईल असं वाटतं. होतं असं, की आतल्या मशिनला थोडा वेळ पळू देतात, मग थोडा वेळ थांबवतात. पळतं तेव्हा पूर्ण गिगाहर्ट्‌झनेच पळतं. मोजणी पळण्याच्या काळात पडली, तर एरर २०० तसाच. दुसरा उपाय ‘वॉर्प ड्राइव्ह पर्सेंटेज’ हा, तो कमांड लाइनवरून लावतात. त्याने आतलं घड्याळच वेगळ्या गतीने चालतं. २०० टक्के ठेवलं तर टिक निम्म्या वेळात पडते, म्हणून मोजणी निम्मी होते. पण मग बिलावरची वेळही दुप्पट वेगाने धावते, आणि दुपारी चारचं बिल उद्याच्या तारखेला निघण्याची सोय होते. हिशेबाच्या प्रोग्रॅमाला हे बिलकुल चालायचं नाही.

व्हर्च्युअलबॉक्सच वापरायचं असेल तर वेगाच्या मागे न लागता प्रोग्रॅम दुरुस्त करावा. टर्बो पास्कलच्या ईएक्सई फाइलसाठी टीपीपॅच हा दुरुस्ती करणारा प्रोग्रॅम आहे, फॉक्सप्रोसाठीही असे पॅच मिळतात. मूळ फाइलची प्रत ठेवूनच लावावेत. शिवाय डॉस रिकामा बसलेला असतानाही प्रोसेसरला विश्रांती देत नाही, कळ दाबली जाते का हेच विचारत फिरत राहतो. त्यामुळे होस्टचा, म्हणजे बाहेरच्या खऱ्या मशिनचा, एक कोर शंभर टक्क्यांवर जातो आणि पंखा दिवसभर गुरगुरतो. एमएस-डॉस ६ मधला पॉवर डॉट ईएक्सई किंवा डॉसआयडल लावला की थांबतं. विंडोज ९८ पाहिजे असेल आणि होस्टचा प्रोसेसर नव्या पिढीचा असेल, तर पॅचर९एक्स हा दुरुस्तीचा प्रोग्रॅम आधी लावावा. नाहीतर इन्स्टॉल करतानाच कधी इथे, कधी तिथे अडकतं.

आता डॉसबॉक्स-एक्स. हिशेबाच्या कामाला आमची पसंती याला, आणि कारण एकच सेटिंग: सायकल्स. हा आकडा म्हणजे एका मिलिसेकंदात किती आज्ञा चालवायच्या. ६००० म्हणजे साधारण ३३ मेगाहर्ट्‌झचा ३८६. २४००० म्हणजे जवळपास ४८६ डीएक्स-२, ६६ मेगाहर्ट्‌झ. हिशेब सोपा आहे: २०००० सायकल्सवर ५५ मिलिसेकंदांत ११ लाख आज्ञा होतात. मोजणीच्या एका फेरीत पाच आज्ञा धरल्या तर सव्वादोन लाखांच्या आत फेऱ्या, भागाकार सुमारे ४०००. ६५५३५ पासून बऱ्यापैकी लांब. पॅचची गरजच नाही.

मात्र सायकल्स ‘ऑटो’वर सोडू नका. ऑटोमध्ये साध्या, रिअल मोडच्या प्रोग्रॅमाला ३००० मिळतात, म्हणजे रिपोर्ट रांगत निघतो. प्रोटेक्टेड मोडचा, म्हणजे जास्त मेमरी वापरणारा, प्रोग्रॅम आला की तेच ऑटो थेट ‘मॅक्स’वर उडी मारतं. फॉक्सप्रोची एक्स्टेंडेड आवृत्ती अशीच आहे. कालपर्यंत नीट चाललेला प्रोग्रॅम नव्या मशिनवर नेल्याबरोबर भागाकाराची तक्रार करू लागला, तर आधी इथे बघावं. सेटिंगच्या फाइलमध्ये सीपीयू विभागात ‘फिक्स्ड २००००’ लिहा आणि कोर (इथे याचा अर्थ आज्ञा चालवण्याची पद्धत) ‘नॉर्मल’ ठेवा. डायनॅमिक कोर वेगवान आहे, पण या कामाला त्याची गरज नाही.

महिनाअखेरीला इंडेक्स नव्याने बांधायला मात्र २०००० कमी पडतात. हजारो नोंदींची फाइल असेल तर चहा पिऊन यावा लागेल. तेवढ्यापुरते मेनूतून ६०००० करा, इंडेक्स झाला की परत खाली आणा. बॅच फाइलमध्ये कॉन्फिग कमांडने हे आपोआपही होतं. आकडा इतका वाढवू नका की होस्ट दमेल. तसं झालं की आतलं घड्याळच मागे पडतं. सुरुवातीला आपोआप चालणाऱ्या ऑटोएक्झेकमध्ये ‘डेट /एस’ टाकलं की तारीख-वेळ होस्टकडून येते आणि ही भानगड मिटते.

छपाईत याचा खरा फायदा. मूळच्या साध्या डॉसबॉक्समध्ये प्रिंटरच नाही, ते बनवणाऱ्यांचं लक्ष खेळांवर. डॉसबॉक्स-एक्समध्ये पॅरलल-१ हा प्रिंटरचा पोर्ट ‘फाइल’ला जोडता येतो: प्रोग्रॅम जे छापेल ते फाइलमध्ये पडतं, आणि ती फाइल ‘कॉपी /बी’ने शेअर केलेल्या डॉट मॅट्रिक्सला जशीच्या तशी पाठवता येते. ठळक अक्षरं, बारीक अक्षरं, पान फेकणं, सगळे कोड शाबूत. इथे एक खोच आहे. छपाई संपली हे एम्युलेटरला कसं कळणार? ठरावीक वेळ काही आलं नाही की संपली असं तो समजतो. ही टाइमआउटची वेळ छोटी असेल आणि सायकल्स कमी असतील, तर प्रोग्रॅम दोन ग्राहकांच्या बेरजेसाठी मध्येच थांबतो आणि खातेवही दोन तुकड्यांत निघते, दुसरा तुकडा नव्या पानावर. ३००० मिलिसेकंद ठेवा. मोठ्या रिपोर्टला तेही पुरलं नाही तर टाइमआउट आणि सायकल्स दोन्ही वाढवा. दोन काउंटरवरून एकाच डेटा फाइलमध्ये लिहायचं असेल, तर खऱ्या डेटाला हात लावण्याआधी प्रतीवर करून बघा.

८६बॉक्सची जात वेगळी. हा अख्खं जुनं मशिन उभं करतो: मदरबोर्ड, बायॉस, ग्राफिक्स कार्ड, सगळं निवडायचं. रॉमच्या फाइली वेगळ्या उतरवाव्या लागतात. वेगाबाबत तिघांत सर्वांत प्रामाणिक हाच. खिडकीच्या वरच्या पट्टीवर टक्के दिसतात. १०० असेल तर ४८६ खरोखर ४८६च्या चालीने चालतोय. ७० दिसले तर होस्ट पुरत नाही, आणि आतलं सगळंच, घड्याळासकट, ढिलं पडतं. कोर किती आहेत याने फरक पडत नाही, एकटा कोर किती दमदार ते बघा. ४८६साठी जुना आय-५ सहसा पुरतो, पेंटियमला नवा प्रोसेसर लागेल. विंडोज ३.१ किंवा ९५ वरच्या हट्टी प्रोग्रॅमांसाठी हाच घ्यावा. रोजच्या बिलाच्या टेबलावर मात्र नको. डिस्कही जुन्याच चालीची, आणि फाइली आत-बाहेर करायला दरवेळी डिस्क इमेजची कसरत.

पॅरलल पोर्टला खोचायच्या लॉकवर (डोंगलवर) चालणारे प्रोग्रॅम तिघांतही सहजी चालणार नाहीत. आणि नावं-पत्ते देवनागरीत जिस्ट कार्डावर दाखवणारे प्रोग्रॅम असतील तर वेग कितीही जुळवला तरी पडद्यावर चौकटी नि परकी अक्षरंच दिसतील. ते कार्ड आयएसए स्लॉटचं आहे, आणि त्याची नक्कल या तिघांत नाही. डेटा मात्र गेलेला नसतो. तो इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतात असेल तर डीबीएफ डेटा फाइलमधून काढून युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. अशा ठिकाणी एम्युलेटरवर आठवडा घालवण्यापेक्षा ते काम दोन दिवसांत होतं.