कॅम्पातलं बिनपाटीचं दुकान आणि माझ्या चार फेल्ट हॅट

बेळगावात जुनी फेल्ट हॅट घ्यायची असेल तर कॅम्पातल्या ह्या दुकानात जा. मात्र पावसाळा सरल्यावर जा, आणि दुपारी एक ते चार सोडून जा. दुकानाला पाटी नाही. बाहेर शिवणयंत्राचा लोखंडी सांगाडा, दोन वेताच्या खुर्च्या आणि दारात झोपलेलं तपकिरी कुत्रं, हीच खूण. आत बंब, कंदील, बंद पडलेली घड्याळं, ग्रामोफोनचे सुटे भाग आणि मागच्या भिंतीवर हॅट. दीड वर्षात मी तिथून तीन घेतल्या. चौथी ऑनलाइन मागवली, तिची गोष्ट वेगळी आहे.

माझे आजोबा लोंढ्याला रेल्वेत होते. जंक्शनच्या फलाटावरच्या एका फोटोत ते बंद गळ्याच्या कोटात उभे आहेत आणि डोक्यावर फेल्ट हॅट आहे. आजी सांगायची, राखाडी होती, गोव्याच्या एका गार्डकडून घेतलेली. ती हॅट आमच्या माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत होती. मी नववीत असताना ट्रंक उघडली तर कसरीनं तिची चाळण केली होती. आईनं ती बंबात घातली. तेव्हा मला काहीच वाटलं नाही. आता फार वाटतं.

तर दुकानाबद्दल. दुकानदार साठीच्या पुढचे आहेत, मी त्यांना काका म्हणते, ते मला अक्का म्हणतात. गिऱ्हाईक बघून मराठी, कन्नड, कोकणी, काय लागेल ते बोलतात. माल कॅन्टोन्मेंटातल्या जुन्या बंगल्यांतून येतो, कधी चोर्ल्याच्या घाटानं गोव्याकडूनही येतो. पहिल्या दिवशी मी भिंतीकडे बघत नुसती उभी होते. त्यांनी स्टूल दिलं आणि म्हणाले, "अक्का, काढून बघा की. उलटी करून आत बघा आधी. वरनं सगळ्याच बऱ्या दिसतात."

ह्या दुकानाला मी पैकीच्या पैकी गुण देते ते ह्या एका गोष्टीसाठी. आत बघू देतात, उजेडात नेऊ देतात, घामाची पट्टी उलटवून तिच्यामागं बोट फिरवू देतात. घाई करत नाहीत. नवशिक्या माणसाला ह्याहून मोठी सोय नाही, कारण हॅटचं खरं दुखणं आतच असतं.

आत काय बघायचं ते मी हळूहळू शिकले. पहिलं म्हणजे कपाळाला टेकणारी चामड्याची पट्टी. ती मऊ असेल, शिवण धरून असेल, तर बाकी बरंच काही सावरता येतं. बोटानं दाबल्यावर ती पापडासारखी तडकत असेल तर भाव निम्म्यावर आणा नाहीतर सोडून द्या. मग हॅट उजेडासमोर धरायची. कसरीची भोकं तिथंच कळतात, टेबलावर ठेवून कळत नाहीत. मग पट्टीमागचं मापाचं चिटोरं. ही मापं घेराची नसतात, साधारण व्यासाची आणि इंचांत असतात. इंग्लिश आणि अमेरिकन मापांत एका अष्टमांशाचा फरक असतो, हे मला पहिल्या खरेदीनंतर कळलं. माझ्या डोक्याचा घेर ५६ सेंटिमीटर. इंग्लिश हॅटमध्ये ते ६ ७/८ होतं आणि अमेरिकन हॅटमध्ये ७. मापाचं चिटोरं बहुधा गळून गेलेलं असतं, म्हणून पर्समध्ये शिंप्याची टेप ठेवते आणि आतून मोजते.

लहान मापाचा एक फायदा बायकांनी जरूर घ्यावा. पुरुषांना ह्या हॅट होत नाहीत, त्यामुळं त्या भिंतीवर पडून राहतात आणि काका भाव उतरवतात. माझी पहिली काळी हॅट मला ४५० रुपयांत मिळाली. शेजारची तशीच, पण मोठ्या मापाची, ते १२०० च्या खाली द्यायला तयार नव्हते.

आता कापड. कापड म्हणणंही चूक आहे, कारण फेल्ट विणलेलं नसतं. गरम पाणी, वाफ आणि दाब देऊन तंतू एकमेकांत गुंतवलेले असतात. आपल्याकडे पिंजारी मंडळी लोकरीचं जेन, म्हणजे बसायचं जाड अंथरूण, करतात, तत्त्व तेच. जेनावर बसलेल्या माणसाला फेल्ट समजावून सांगावं लागत नाही. पण हॅटचं फेल्ट दोन जातींचं असतं. एक मेंढीच्या लोकरीचं आणि दुसरं सशाच्या किंवा बीव्हर नावाच्या प्राण्याच्या केसांचं. लोकरीचं हाताला घोंगडीसारखं लागतं, जाड असतं, आणि बेळगावच्या जुलैच्या पावसात एकदा भिजलं की काठ लोंबायला लागतो. केसांचं पातळ असून ताठ राहतं, बोटांना गुळगुळीत लागतं आणि वाफेनं पुन्हा वळवता येतं. दुरुस्ती शिकायची असेल तर केसांचंच घ्या, भले त्यावर डाग असोत.

काकांच्या दुकानाची पहिली खोट इथं आहे. ते भाव लावतात नावावर. आत सोनेरी अक्षरांत काही छापलेलं असलं की किंमत तिप्पट. ख्रिस्टीज लंडनची १७७३ पासूनची कंपनी आहे, बोर्सालिनो इटलीतल्या अलेस्सांद्रियाची, १८५७ ची, आणि स्टेटसन १८६५ मध्ये फिलाडेल्फियात सुरू झाली. ही नावं मोठी आहेत आणि त्यांचा मान ठेवावा. पण कसर नाव वाचून थांबत नाही. माझी सगळ्यात आवडती हॅट, तपकिरी, अरुंद काठाची, तिच्यात नाव कुठलंच नाही. ६०० रुपयांना घेतली. तिचं फेल्ट माझ्याकडच्या नावाच्या हॅटपेक्षा दाट आहे.

दुसरी खोट म्हणजे ते हॅट खिळ्यावर टांगतात. माथ्याला आतून टोक येतं आणि ते वाफेनंही पूर्ण जात नाही. मी तीनदा सांगितलं. हॅट ठेवायची ती उलटी, माथा खाली आणि काठ वर, म्हणजे काठाचं वळण टिकतं. आणि उचलायची काठाला धरून. माथ्याला पुढून चिमटा घेतल्यासारखी घडी असते, त्या चिमटीला धरून रोज उचलली की नेमकी तिथंच फेल्टला चीर जाते. जुन्या हॅटपैकी निम्म्यांना ही चीर असते, बघून घ्या.

ऑनलाइन घेतलेल्या हॅटबद्दल थोडक्यात सांगते. फोटो समोरून काढलेले, माप "मध्यम", किंमत २२०० रुपये. आली ती डांबराच्या गोळ्यांच्या वासात बुडालेली, पट्टी जागोजाग तुटलेली आणि लोकरीची. परत घेत नाहीत. तो पैसा गेला. काकाही माल परत घेत नाहीत, पण तिथं मी बघून घेते.

घरी आणल्यावर हॅट थेट कपाटात ठेवायची नाही. आमच्याकडे हा नियम आता नवराही पाळतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधायची आणि दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवायची. कसरीची अंडी आणि अळ्या त्यात मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर फेल्टवर दव धरतं.

मग ब्रश. गणपत गल्लीत बुटांसाठी मिळणारा घोड्याच्या केसांचा मऊ ब्रश ह्या कामाला उत्तम, पण पॉलिश न लागलेला. मी दोन घेतले, गडद हॅटना एक आणि फिक्यांना एक. डाव्या बाजूनं सुरुवात करून घड्याळाच्या उलट्या दिशेनं, फेल्टची लव ज्या बाजूला निजते तिकडेच ब्रश फिरवायचा. पहिल्या काळ्या हॅटमधून इतकी धूळ निघाली की तिचा रंग काळा नसून गडद निळा आहे हे मला तेव्हा कळलं. त्या संध्याकाळी मी ती खिडकीत धरून किती वेळ बघत होते.

तेलकट डागांवर मुलतानी माती किंवा कॉर्नफ्लोर रात्रभर ठेवून सकाळी झटकते. फिक्या हॅटवर उत्तम. गडद हॅटवर पांढुरकेपणा मागे राहतो आणि तो काढायला ब्रशानं चार दिवस लागतात. पेट्रोलनं पुसा असा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. पंपावरचं पेट्रोल वापरू नका, त्यात इतर द्रव्यं मिसळलेली असतात आणि घरात आगीचा धोका आहे. आईचा सल्ला पट्टीला खोबरेल लावायचा होता. तेल चामड्यातून फेल्टमध्ये उतरतं आणि बाहेर काळं वर्तुळ उमटतं. चामड्याचं क्रीम बोटाच्या टोकावर येईल एवढंच, तेही पट्टी बाहेर काढून, रात्रभर तशीच ठेवून.

वाफेचं काम सगळ्यात आनंदाचं आणि माझी सगळ्यात मोठी चूकही तिथलीच. किटलीच्या वाफेवर फेल्ट दहा-पंधरा सेकंद धरलं की ते मऊ होतं, कणकेसारखं बोटांचं ऐकतं, आणि गार झालं की दिलेल्या आकारात बसतं. पहिल्या वेळी मी पट्टी आतच ठेवून वाफ दिली. जुनं चामडं ओल्या उष्णतेनं आकसतं. दोन मिनिटांत पट्टी सुरकुतली, हॅट दीड सेंटिमीटरनं लहान झाली. ती आता कुणालाच होत नाही. तेव्हापासून पट्टी आधी खाली उलटवते आणि वाफ बाहेरून देते. काठ सपाट करायचा असेल तर टेबलाच्या कडेला ठेवून ओल्या मलमलीवरून इस्त्री फिरवते.

आकार देण्यासाठी लाकडी साचा लागतो. बेळगावात तो मिळत नाही. स्टीलचा डबा घालून बघितला, पण डबा गोल आणि डोकं लांबट. शेवटी वडगावच्या एका सुताराकडून शिवण ह्या झाडाच्या लाकडाचा साचा करून घेतला, लांबी १९.५ सेंटिमीटर, रुंदी १६.२५. घेर ५६ च्या जरा वर ठेवला, कारण पट्टी उलटवली की आत थोडी जागा वाढते. सुतारानं विचारलं, "मूर्तीचं डोकं काय ओ हे?" हॅटचं म्हटल्यावर त्यानं पैसे न वाढवता पॉलिश पेपर आणखी दोनदा मारला, फेल्टला कुसळ लागू नये म्हणून. ह्या माणसाच्या कामालाही मी दुकानाइतकेच गुण देईन.

तपकिरी हॅटला कसरीची तीन छोटी भोकं होती. पट्टीखालच्या, बाहेर न दिसणाऱ्या भागातून ब्लेडनं अलगद फेल्टची लव खरवडायची, डिंकासारख्या पातळ गोंदात ती भोकात दाबायची आणि वाळल्यावर ब्रश मारायचा. रंग त्याच हॅटचा असल्यामुळं जुळतो. दोन भोकं मलाच आता सापडत नाहीत. तिसरं अजून दिसतं, कारण घाईत गोंद जास्त पडला.

एक गोष्ट मात्र गांभीर्यानं सांगायची आहे. फेल्टसाठी सशाचे केस तयार करताना पूर्वी पाऱ्याचं मिश्रण वापरत. हॅट बनवणाऱ्या कारागिरांना त्याचा त्रास व्हायचा, हात थरथरायचे. अमेरिकेत हा वापर १९४१ मध्ये थांबला. म्हणून खूप जुनी वाटणारी हॅट कोरड्या पॉलिश पेपरनं घासू नका, तिची धूळ श्वासात जाऊ देऊ नका. ब्रश करताना मी मास्क लावते, गच्चीवर करते, नंतर हात धुते. पोरांना त्या हॅट खेळायला देत नाही. काकांनाही सांगितलं, त्यांनी दारामागं मास्कांची पुडी आणून ठेवली.

रिबन खडेबाजारात मिळाली. हॅटला आडव्या रेघांचीच रिबन लागते, कारण वाफ देऊन ती वळणावर बसवता येते. गुळगुळीत साटीन बसत नाही, वरून फुगते. मीटरला ३० रुपये पडले. गाठ बांधायला मला सहा प्रयत्न लागले.

जायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा. रोख पैसे न्या. भाव करा, काकांना राग येत नाही. जून ते सप्टेंबर तिथं माल ओलसर असतो, पट्टीवर बुरशीचे पांढरे ठिपके दिसतात. त्या दिवसांत घेतलेली हॅट मी घरी आणून सुकवत बसले, म्हणून सांगते. घरातही ह्या चार महिन्यांत डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवते आणि ऊन पडलं की सावलीत वारं देते. थेट उन्हात रंग उडतो.

मागच्या रविवारी रेल्वेचं दुसरं गेट बंद होतं म्हणून उशिरा पोचले. काकांनी कपाटाच्या वर, खोक्यात, उलटी ठेवलेली एक राखाडी हॅट काढली. काठ रुंद, पट्टी मऊ, आत माप ६ ७/८. बाराशे म्हणाले. माझ्याकडे आठशे होते. ते म्हणाले, "असू दे की, दिवाळीपर्यंत ठेवतो." हॅट पुन्हा खोक्यात ठेवताना त्यांनी काठालाच धरलं होतं.