अवकाशातील पाण्याचा शोध: निपाणीत पाहिलेले फिरते तारांगण

निपाणीच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत आलेल्या फिरत्या तारांगणाचा अवकाशातील पाण्यावरचा खेळ आठवी-नववीच्या मुलांबरोबर पाहिला. चिकोडी, खानापूर, बेळगावकडच्या ज्या शिक्षकांना तो आपल्या शाळेत बोलवावासा वाटतो, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

खेळाची खरी ताकद चंद्राच्या भागात आहे. चंद्राचा अक्ष जेमतेम दीड अंशाने कललेला असल्यामुळे ध्रुवांजवळच्या काही खोल विवरांच्या तळाशी ऊन कधीच पोहोचत नाही आणि तिथल्या कडाक्याच्या थंडीत बर्फ टिकून राहतो. म्हणजे यान चालणार उन्हावर आणि पाणी असणार कायमच्या अंधारात. घुमटाच्या छतावर सूर्य क्षितिजालगत फिरत राहतो, विवराच्या उंच कडा उजळतात आणि तळ मात्र काळाच राहतो, हे दृश्य इतके नेमके साधले आहे की फळ्यावरच्या आकृतीची त्याच्याशी बरोबरी होणार नाही.

आपल्याकडच्या मुलांनी शेतात सौर पंप पाहिलेले आहेत. ढग आले की मोटार मंदावते, मग चंद्रावरच्या रात्री यानाचे काय होते, असा प्रश्न एका मुलीने विचारला. निवेदकाने 23 ऑगस्ट 2023 रोजी चंद्रावर उतरलेल्या चांद्रयान-3 मधील विक्रम (उतरणारे यान) आणि प्रज्ञान (चाकांची छोटी गाडी) यांचे उदाहरण घेऊन, तिथला दिवस आपल्या सुमारे 14 दिवसांएवढा असतो आणि तेवढ्याच लांब रात्रीनंतर ही दोन्ही यंत्रे पुन्हा जागी झाली नाहीत, हे फार चांगले समजावले.

मात्र दोन गोष्टी दुरुस्त व्हायलाच हव्यात. चांद्रयान-3 थेट दक्षिण ध्रुवावर उतरले असे सांगितले गेले. प्रत्यक्षात ती जागा सुमारे 69 अंश दक्षिण अक्षांशावर आहे. तसेच 2009 मध्ये जाहीर झालेल्या पाण्याच्या खुणा चांद्रयान-1 वरील नासाच्या उपकरणाने टिपल्या होत्या, हा उल्लेख पूर्णपणे गाळला होता. तो केल्याने आपल्या यानाचे श्रेय कमी होत नाही, आणि मुलांना खरे तेच कळले पाहिजे.

गुरूचा भाग घाईत उरकला आहे. तिथे ऊन पृथ्वीच्या तुलनेत सुमारे 25 पटींनी क्षीण असते, म्हणून गुरूच्या बर्फाळ चंद्रांच्या अभ्यासासाठी निघालेल्या युरोपच्या ‘ज्यूस’ यानाला 85 चौरस मीटरच्या सौर पट्ट्या लावाव्या लागल्या, एवढे सांगायला दोन मिनिटेही लागली नसती.

निवेदन स्वच्छ मराठीत आहे आणि विद्यार्थ्यामागे 50 रुपये हे शुल्क मला वाजवी वाटते. घुमटात हवा कोंदट होते, म्हणून एका वेळी 25 हून अधिक मुले आत सोडू नयेत आणि प्रश्नोत्तरांसाठी वेगळा वेळ ठेवावा, हे आयोजकांशी आधीच ठरवून घ्यावे.