केशरकाकूंची वाट की पंकजाताईंची?

आमच्या गावचं सरपंचपद यंदा महिलेसाठी सुटलं. पुतणीने भाकरी थापता थापताच विचारलं, "काकी, उभी राहू का?" बीड जिल्ह्यात हा प्रश्न आला की माझ्यासमोर दोघी उभ्या राहतात.

केशरकाकू क्षीरसागर राजुरीच्या सरपंचपदापासून वर गेल्या. १९८०, १९८४ आणि १९९१ असं तीनदा बीडने त्यांना लोकसभेत पाठवलं. गावकीत अर्धी पदं बायकांना राखीव, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. या वाटेला वेळ लागतो, पण टँकरच्या खेपा, रेशन, बांधाची भांडणं अशी माणसांची नड कळते. ती मुंबईत बसून कळत नाही.

पंकजाताई मुंडेंना गोपीनाथरावांचं नाव मिळालं. २००९ मध्ये त्या परळीतून थेट आमदार झाल्या, २०१४ मध्ये ग्रामविकासमंत्री. नाव दार उघडतं, ओझंही देतं. २०१९ मध्ये चुलतभावाकडून हार, २०२४ मध्ये लोकसभेला साडेसहा हजारांच्या आसपास मतांनी पराभव. तरी त्याच वर्षी विधान परिषदेतून त्या पुन्हा मंत्रिमंडळात आल्या. ही चिकाटी वारशात मिळत नाही, हे मी मनापासून मानते.

पण आमच्या पोरीमागे कुणाचं नाव नाही. तिला मी काकूंचीच वाट सांगितली. एक अट घातली: सही तिचीच, ग्रामसभेत बोलणारीही तीच, नवरा नाही. परवापासून ती टँकरच्या खेपा वहीत लिहून ठेवतेय.